मिसिंग नेमकं कोणत्या सिलिंडरचं?

सिग्नलला गाडी उभी असताना स्टीअरिंगमधून हाताला बारीक थरथर जाणवते. सायलेन्सरचा आवाज सलग येत नाही, मध्येच एखादा ठोका गळतो. एसी लावला की थरथर वाढते, आणि चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला तर गाडी झटके खात पुढे जाते. गॅरेजमध्ये याला गाडी ‘मिसिंग मारतेय’ म्हणतात. इंजिनातल्या एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण वेळेवर पेटत नाही, किंवा अर्धवट पेटतं, तेव्हा हे सगळं होतं.

हा दोष शोधायला फार अवघड नसतो. पण शोधण्याऐवजी अंदाजाने पार्ट बदलत जायची पद्धत आपल्याकडे चांगलीच रुळली आहे. आधी सगळे प्लग, मग कॉइल, मग इंजेक्टर क्लीनिंग, मग फ्युएल पंप. आणि चौथ्या बिलानंतरही गाडी होती तशीच. खरं तर बहुतेक वेळा खराब असतो तो एकच पार्ट, एकाच सिलिंडरवरचा. तो कोणता हे कळल्याशिवाय काहीही विकत घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. इथे मी पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांपुरतंच लिहितो आहे. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लगच नसतो, त्यामुळे तिथली तपासणी निराळी.

सगळ्यात आधी डॅशबोर्डकडे बघा. चेक इंजिनचा पिवळा दिवा स्थिर लागलेला असेल, तर गाडी सावकाश, इंजिनावर ताण न देता गॅरेजपर्यंत नेता येते. तोच दिवा लुकलुकत असेल तर मात्र मिसिंग इतकं वाढलेलं आहे की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होण्याचा धोका आहे. सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल आणि त्याच्यासोबतची हवा सायलेन्सरच्या वाटेने कन्व्हर्टरमध्ये पोचते आणि तिथे जळते. आतली उष्णता इतकी वाढते की प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा लेप निकामी होतो, आणि तरीही गाडी रेटत राहिलं तर सिरॅमिकची जाळी वितळून धुराची वाट अडते. एका प्लगच्या दुरुस्तीवर भागणारं काम मग या महागड्या पार्टपर्यंत जातं. म्हणून दिवा लुकलुकला की ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल करा. वेग कमी करूनही लुकलुकणं थांबत नसेल तर सुरक्षित जागा बघून इंजिन बंद करा आणि गाडी टो करून न्या. थांबताना वाळक्या गवतावर थांबू नका, कारण खालचा पाइप प्रचंड तापलेला असतो. कसारा किंवा खंबाटकीसारखा घाट चढत असाल तर ‘वर पोचू आणि मग बघू’ हा विचार तर अजिबात नको. चढावर इंजिनावर सगळ्यात जास्त भार असतो, म्हणजे कन्व्हर्टरमध्ये जाणारं पेट्रोलही तेव्हाच सगळ्यात जास्त असतं.

चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. आयडलिंगला इंजिन ८०० आरपीएमवर असेल तर एका सिलिंडरमध्ये मिनिटाला ४०० वेळा ठिणगी पडायला हवी. प्रत्येक वेळी मिश्रण पेटलं की क्रँकला किंचित वेग मिळतो. क्रँकवरच्या दातेरी चाकासमोर एक सेन्सर असतो. दात किती वेळाने समोरून जातात यावरून गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, कोणत्या सिलिंडरच्या वेळेला धक्का मिळाला नाही हे ओळखतो. आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांना तीनच सिलिंडर असतात. त्यातला एक बसला की ताकद थेट एक तृतीयांशाने कमी होते, त्यामुळे तिथे मिसिंग लपत नाही. उलट, फार खड्ड्यांच्या रस्त्यावर चाकांकडून आलेले हादरे क्रँकपर्यंत जातात आणि क्वचित ईसीयूची फसगत होऊ शकते. पावसाळ्यात खराब रस्त्यावर ईसीयूत एकदाच मिसिंगचा कोड आला आणि गाडी एरवी नीट चालत असेल, तर तो पुन्हा येतो का ते आधी बघा.

गॅरेजला जाण्यापूर्वी एका गोष्टीचं नीट निरीक्षण करून ठेवा: मिसिंग कधी होतं? हे मेकॅनिकला जेवढं नेमकं सांगाल तेवढा त्याचा वेळ आणि तुमचा पैसा वाचेल. फक्त सकाळी थंड इंजिनाला होतं आणि दोन-चार मिनिटांत जातं? फक्त इंजिन तापल्यावर? आयडलिंगला होतं पण हायवेला गाडी गुळगुळीत? की आयडलिंग उत्तम आणि ओव्हरटेकला जोर दिला की झटके? जोर दिल्यावरच होत असेल तर संशय आधी प्लग आणि कॉइलवर घ्यावा, कारण सिलिंडरमधला दाब जितका जास्त तितकी ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. फक्त आयडलिंगला होत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते का ते बघावं. पावसात किंवा गाडी धुतल्यावर सुरू झालं असेल, पेट्रोल भरल्यावर लगेच सुरू झालं असेल, गेल्याच आठवड्यात सर्व्हिसिंग झालेलं असेल, तर तेही सांगा.

आता स्कॅनर. स्टीअरिंगच्या खाली ओबीडीचं सॉकेट असतं. मोबाइलला ब्लूटूथने जोडणारा साधा स्कॅनरही या कामाला पुरतो. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचं मिसिंग, पी ०३०२ म्हणजे दुसऱ्याचं, याच क्रमाने पुढे. पी ०३०० आला तर मिसिंग एका सिलिंडरपुरतं नाही, कधी या तर कधी त्या सिलिंडरला होतं. सोबत पी ०३५१ ते पी ०३५४ यांपैकी काही असेल तर बोट कॉइलच्या सर्किटकडे आहे, पी ०२०१ ते पी ०२०४ असेल तर इंजेक्टरच्या. पी ०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त. पहिला सिलिंडर सहसा टायमिंग चेन किंवा बेल्टच्या बाजूचा असतो, तरी आपल्या मॉडेलची खात्री करून घ्या.

एक सवय मात्र मोडायला हवी. स्कॅनर लावला की लगेच कोड पुसून ‘आता बघा’ म्हणणारे बरेच भेटतात. कोडसोबत ईसीयूने त्या क्षणाची नोंद ठेवलेली असते: आरपीएम किती होते, इंजिन किती तापलं होतं, भार किती होता. स्कॅनरवर याला ‘फ्रीझ फ्रेम’ म्हणतात. कोड पुसला की ही नोंदही जाते, आणि बॅटरीची तार काढली तरी बहुतेक गाड्यांत जाते. आधी मोबाइलवर फोटो काढा, मग पुढचं काम.

समजा, कोड पी ०३०२ आहे. आता जी तपासणी सगळ्यात जास्त उपयोगी आहे, तिला पैसे लागत नाहीत. ज्या गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते, तिथे इंजिन बंद आणि गार असताना दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावायची. बोल्ट बहुधा १० नंबरचा एकच असतो. कनेक्टरचं प्लास्टिकचं लॉक जुन्या गाडीत तुटायला टपलेलं असतं, ते नीट दाबूनच ओढा. कोड पुसा, गाडी चालवा. आता पी ०३०३ आला, तर दोष कॉइलसोबत सरकला. एकच कॉइल बदलायची आहे. पी ०३०२ तसाच राहिला तर कॉइल निर्दोष. मग हाच प्रयोग प्लगचा करा. प्लग हलवूनही कोड जागचा हलला नाही, तर उरतो तो इंजेक्टर, त्याची वायरिंग किंवा त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन. एका वेळी एकच पार्ट हलवायचा, नाहीतर निष्कर्षच निघत नाही. काही गाड्यांत एक कॉइल दोन सिलिंडरना करंट देते, चार सिलिंडरच्या इंजिनात बहुधा पहिल्या-चौथ्याला आणि दुसऱ्या-तिसऱ्याला. अशा जोडीचे दोन्ही कोड एकदम आले तर दोघांत सामाईक काय आहे तेच आधी तपासा.

पद्मिनी आणि कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० च्या काळात मेकॅनिक चालू इंजिनावर एकेक प्लगची वायर ओढून बघायचे. जी ओढल्यावर इंजिनाच्या आवाजात फरक पडला नाही, तो सिलिंडर मेलेला. आताच्या गाडीत हे करू नका, कोणाला करू देऊ नका. कॉइलमधून हजारो व्होल्ट बाहेर पडतात, धक्का जोरदार बसतो आणि पेसमेकर असलेल्या माणसाच्या तो जिवावर बेतू शकतो. शिवाय ठिणगीला वाट मिळाली नाही तर कॉइल आणि ईसीयूतलं सर्किट दोन्ही जाऊ शकतात, आणि त्या सिलिंडरचं पेट्रोल न जळता कन्व्हर्टरकडे जातं ते वेगळंच.

प्लगकडे मात्र जरा सवडीने बघायला हवं, कारण इंजिनाच्या आत काय चाललंय हे बाहेर येऊन सांगणारा तो एकमेव पार्ट आहे. इंजिन गार होऊ द्या. ॲल्युमिनियमचं हेड गरम असताना प्लग ओढला तर हेडमधले आटे जायची भीती असते. काढण्याआधी प्लगच्या खळग्यात हवा मारा, नाहीतर तिथली माती सिलिंडरमध्ये पडते. काढलेले प्लग वर्तमानपत्रावर सिलिंडरच्या क्रमाने मांडा आणि एकमेकांशी ताडून बघा. कोरडा, फिकट तपकिरी किंवा राखाडी टोकाचा प्लग म्हणजे सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा ठिणगी कमजोर आहे. पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल येतंय पण पेटत नाही, संशय करंटवर. टोकाला काळं ऑइल चिकटलेलं असेल तर पिस्टन रिंग किंवा वॉल्व सीलमधून ऑइल आत उतरतंय. आणि बाकीचे प्लग मळलेले असताना एकच प्लग धुऊन काढल्यासारखा स्वच्छ दिसला तर सावध व्हा. त्या सिलिंडरमध्ये कूलंट झिरपत असण्याची शक्यता आहे. कूलंटची पातळी हळूहळू कमी होतेय का आणि सकाळी सुरू करताना पांढरा धूर रेंगाळतो का, ते बघा. सीएनजी गाडीतला प्लग मुळातच जास्त पांढरट दिसतो, कारण गॅस स्वच्छ जळतो. तिथे पांढरेपणावरून घाईने निष्कर्ष काढू नये.

प्लगच्या पांढऱ्या सिरॅमिकवर उभी, बारीक काळी रेघ दिसते का, हेही बघा. करंट टोकाला न जाता बाहेरच्या बाहेर हेडला मिळाल्याची ती खूण असते. कॉइलच्या रबरी नळीत, म्हणजे बूटमध्ये, आतून तशीच रेघ असेल तर बूटही बदला. नुसता नवा प्लग घातला तर जुन्या बूटमुळे तोही थोड्याच दिवसांत तसाच होतो. खळग्यात ऑइल साचलेलं असेल तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळतंय, आणि ते बदलल्याशिवाय नवी कॉइल लावणं म्हणजे पैसे वाया. पाणी असेल तर बहुधा सर्व्हिस सेंटरच्या प्रेशर जेटचं किंवा पावसाचं. हवेने कोरडं केलं की कित्येकदा मिसिंग तिथेच संपतं. इंजिनावर प्रेशर मारून धुण्याची हौस मला कधीच पटलेली नाही. आणि पार्किंगमध्ये उंदरांचा त्रास असेल, तर कॉइल आणि इंजेक्टरकडे जाणाऱ्या वायरी कुठे कुरतडल्यात का ते पार्ट बदलण्याआधी पाहून घ्या.

साधे निकेलचे प्लग साधारण ३० ते ४० हजार किलोमीटर चालतात, इरिडियमचे बरेच जास्त. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात असतो. टोक झिजलं की गॅप वाढतो, आणि वाढलेला गॅप ओलांडायला कॉइलला जास्त व्होल्टेज तयार करावं लागतं. वेळेवर न बदललेला प्लग अशा रीतीने कॉइलचाही बळी घेतो. म्हणून कॉइल गेल्याचं निदान झालं तरी प्लगचा गॅप फीलर गेजने मोजून बघा. बहुतेक गाड्यांत तो ०.८ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. इरिडियमचं टोक फार बारीक असतं, त्यावर पक्कड चालवून गॅप जुळवू नये. नवा प्लग आधी हातानेच आट्यात फिरवा आणि शेवटी पुस्तकात दिलेल्या टॉर्कइतकाच पाना फिरवा. प्लग खात्रीच्या दुकानातून आणि बिलासह घ्या, कारण बाजारात नकली प्लग सर्रास मिळतात.

आता सीएनजी. मुंबई-पुणे-नाशिक पट्ट्यात कितीतरी घरगुती गाड्या गॅसवर चालतात, आणि या गाडीच्या मालकाकडे निदानाचं एक फुकटचं साधन आहे: इंधन बदलायचं बटण. मिसिंग होत असताना गाडी गॅसवरून पेट्रोलवर घ्या. दोन्हींवर तोच सिलिंडर मिस करत असेल तर दोष सामाईक भागात आहे, म्हणजे प्लग, कॉइल किंवा कॉम्प्रेशन. फक्त पेट्रोलवर मिस करत असेल तर पेट्रोलच्या इंजेक्टरवर संशय घ्या. महिनोन्‌महिने गॅसवरच चालवल्याने पेट्रोलचे इंजेक्टर पडून राहतात आणि आत चिकटा धरतो. त्यासाठी आठवड्यातून काही किलोमीटर मुद्दाम पेट्रोलवर चालवावी, आणि टाकीत तेच पेट्रोल सहा-सहा महिने शिळं होऊ देऊ नये. सध्या पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल ओलावा धरतं आणि पाणी जास्त झालं की त्याच्यासकट टाकीच्या तळाशी वेगळं होतं. पेट्रोल भरल्याबरोबर सगळेच सिलिंडर मिस करू लागले तर काचेच्या बाटलीत नमुना काढून ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर कारण सापडलं.

फक्त गॅसवर मिस करत असेल तर लोक लगेच किटला दोष देतात. पण गॅसचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. पेट्रोलवर कसाबसा चालणारा झिजलेला प्लग किंवा थकलेली कॉइल गॅसवर आधी उघडी पडते. म्हणून गॅसवरही आधी प्लग-कॉइलची अदलाबदल करा. ते ठीक निघाले तर गॅसचा फिल्टर आणि मग गॅसचे इंजेक्टर. पंपावरच्या कॉम्प्रेसरचं ऑइल थोडंथोडं गॅससोबत येतं आणि इथे साचतं.

सीएनजीचा आणखी एक परिणाम सावकाश होतो, म्हणून ध्यानात येत नाही. कोरड्या गॅसमुळे वॉल्व आणि सीट जास्त झिजतात. वॉल्व हळूहळू वर सरकतो, टॅपेटची फट कमी होते, आणि एक दिवस इंजिन तापल्यावर वॉल्व पूर्ण बंदच होत नाही. थंड असताना ठीक आणि तापल्यावर आयडलिंगला मिसिंग, असं लक्षण असेल, आणि तुमच्या इंजिनात टॅपेट सेटिंग करता येत असेल, तर हेड उतरवण्याच्या गोष्टी करण्याआधी ते सेटिंग तपासून घ्या. वेळेत केलं तर एवढ्यावरच भागतं.

पी ०३०० आणि पी ०१७१ एकत्र आले, आयडलिंग खराब पण हायवेला गाडी ठीक, असं असेल तर हवा कुठूनतरी चोरून आत जातेय. इनटेक मॅनिफोल्डचं पॅकिंग, ब्रेक बूस्टरचा पाइप, फाटलेला रबरी होज या नेहमीच्या जागा. स्कॅनरवर ‘फ्युएल ट्रिम’ बघा: आयडलिंगला आकडा खूप वर आणि २५०० आरपीएमला खाली आला तर हवेची गळती, उलट आरपीएम आणि भार वाढला की आकडाही चढत गेला तर पेट्रोलचा पुरवठाच अपुरा, पंप किंवा फिल्टर तपासा. गळती शोधायला तापलेल्या इंजिनावर ज्वालाग्राही क्लीनर फवारायची युक्ती सांगतात, तिने आग लागू शकते. स्मोक टेस्ट करणारं गॅरेज गाठावं.

प्लग, कॉइल, वायरिंग, इंजेक्टर सगळं तपासूनही तोच सिलिंडर गप्प असेल तर कॉम्प्रेशन मोजावं. सगळे प्लग काढून, पेट्रोल आणि करंट बंद करून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारतात. बऱ्याच पेट्रोल इंजिनांत १५० ते २०० पीएसआयच्या आसपास आकडा येतो, पण त्याहून महत्त्वाचा आहे तो सिलिंडरांमधला फरक. एकाचा आकडा इतरांपेक्षा खूपच खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजायचं. आकडा वाढला तर रिंग झिजल्यात, नाही वाढला तर वॉल्व किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच खाली असतील तर दोघांमधलं गॅस्केट फुटलेलं असण्याची शक्यता मोठी. ‘हेड उतरवावं लागेल’ असं कोणी म्हणालं की हे चारही किंवा तिन्ही आकडे लिहून मागा. ज्याने मोजलंय तो लगेच देतो. आकडे नसतील तर इंजिन उघडायला परवानगी देऊ नका.

दुरुस्ती झाल्यावर जुना पार्ट हातात घ्या आणि कोड पुसून घ्या. मग ज्या परिस्थितीत मिसिंग व्हायचं नेमक्या त्याच परिस्थितीत गाडी चालवा: थंड इंजिनावर, एसी लावून सिग्नलला, चढावर माणसं बसवून. दोन-तीन दिवसांनी स्कॅनरवर ‘पेंडिंग’ कोड बघा, कारण डॅशबोर्डचा दिवा लागण्याआधी दोष तिथे नोंदला जातो. आणि मिसिंग बरेच दिवस अंगावर काढलेलं असेल तर इंजिन ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी वाढलेली दिसली, तर सर्व्हिसिंगची तारीख लांब असली तरी ऑइल आणि फिल्टर लगेच बदलून घ्या.